चाळीस म्हणजे चाळीस काय? घातक कचऱ्याच्या मॅनिफेस्टवर पॅकिंगची नोंद कशी करायची

‘चाळीस म्हणजे चाळीस काय?’

नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्री साडेआठला आलेला हा फोन. त्या दिवशी ईटीपीचा (कारखान्यातल्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) स्लज, म्हणजे गाळ, भरून गाडी पाठवली होती. यार्डातले ड्रम अठ्ठाविसावर संपले, स्लज उरला, म्हणून उरलेला बारा एचडीपीई (प्लास्टिकच्या) पिशव्यांत भरून पिशव्या ड्रमांवर रचल्या. मॅनिफेस्टवर, म्हणजे कचऱ्याच्या गाडीबरोबर जाणाऱ्या कागदावर, संख्येच्या जागी ‘४०’ लिहून मी मोकळा झालो. टीएसडीएफच्या (घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राच्या) गेटवरच्या माणसानं ड्रम मोजले, ते अठ्ठावीस भरले. बाकीचे बारा कुठे उतरवले, असं तो ड्रायव्हरला विचारत होता आणि ड्रायव्हर बिचारा ‘साहेब, आहे ते एवढंच’ म्हणत होता. पिशव्या दोघांनाही दिसत होत्या. पण कागदावर पिशवी हा शब्दच नव्हता, त्यामुळे त्यांना चाळिसात कुणी धरेना. गाडी रात्रभर गेटबाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी काटापावती आणि खुलाशाचं पत्र घेऊन मी तिथं हजर.

‘२८ ड्रम + १२ पिशव्या’ एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. एमआयडीसीत नव्यानं रुजू झालेल्या, पर्यावरण-सुरक्षा विभागात किंवा स्टोअरमध्ये बसून पहिल्यांदाच मॅनिफेस्ट भरणाऱ्या माणसासाठी हे लिहितोय. पूर्ण फॉर्म कसा भरायचा हे इथे नाही. पत्ते, परवान्याचे नंबर, गाडीचा नंबर हे सगळं मागच्या प्रतीवरून उतरवता येतं. उतरवता येत नाही ते पॅकिंगचं वर्णन, कारण ते प्रत्येक गाडीला नवं असतं. आणि नेमकं तेच मागच्या महिन्याच्या कागदावरून उतरवलं जातं.

कागद कोणते, ते आधी

आपल्याकडे हा सगळा व्यवहार ४ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या ‘घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियमां’खाली चालतो. गाडीबरोबरचा मुख्य कागद म्हणजे फॉर्म १०, म्हणजेच मॅनिफेस्ट. ड्रमवर किंवा पिशवीवर चिकटवायचं लेबल म्हणजे फॉर्म ८. ड्रायव्हरच्या हातात द्यायचं आणीबाणीचं कार्ड, ज्याला सगळे ‘ट्रेम कार्ड’ म्हणतात, ते फॉर्म ९. कंपनीत ठेवायची रोजची नोंदवही फॉर्म ३ आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचं वार्षिक विवरण फॉर्म ४.

हे पाच कागद पाच वेगळ्या फायलींत राहतात, म्हणून नवा माणूस त्यांना पाच वेगळी कामं समजतो. तपासणीला आलेला अधिकारी मात्र ते शेजारी शेजारी ठेवून वाचतो.

मॅनिफेस्टमध्ये आपल्या कामाचे रकाने चार: दहावा कचऱ्याच्या वर्णनाचा, अकरावा एकूण प्रमाण आणि कंटेनरच्या संख्येचा, बारावा भौतिक स्वरूपाचा, तेरावा हाताळणीच्या खास सूचनांचा. चौदाव्यात तुमची सही असते आणि त्या सहीच्या वर एक वाक्य छापलेलं असतं, जे कुणी वाचत नाही. मालाचं वर्णन पूर्ण आणि अचूक आहे, त्याची वर्गवारी, पॅकिंग, खुणा आणि लेबलं बरोबर आहेत आणि माल रस्त्यानं नेण्याजोग्या स्थितीत आहे, असं तुम्ही जाहीर करता. पॅकिंग हा शब्द त्यात आहे. गोडाऊनच्या हमालानं मोजलेला आकडा न बघता लिहिलात तरी सही तुमचीच.

पहिली पायरी: टेबलावरून उठा

मॅनिफेस्ट भरायची सुरुवात यार्डात होते. गाडी येण्याच्या आदल्या दिवशी जाऊन माल मोजा आणि मोजताना प्रत्येक नगावर पेंट मार्करनं क्रमांक टाका: १, २, ३... शेवटच्या नगावर जो आकडा येईल तो तुमचा आकडा. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, माझी सवय आहे. पण चढवताना ‘तेवीस नंबर कुठे गेला’ असं विचारता येतं. नुसती मोजदाद असेल तर ‘एक कमी पडतोय’ एवढंच कळतं.

मोजता मोजता बघायच्या गोष्टी: झाकणाची रिंग घट्ट आहे का, बॅरलचं बूच बसलंय का, तळाशी ओल आहे का, पिशवीचं तोंड शिवलंय की नुसतं सुतळीनं आवळलंय. द्रव माल तोंडापर्यंत भरलेला असेल तर तो कमी करायला सांगा. मे महिन्याच्या उन्हात ताडपत्रीखाली द्रव फुगतो आणि बूच हार मानतं. गळका ड्रम सापडला तर त्यातला माल दुसऱ्यात घ्या किंवा तो ड्रमच मोठ्या ड्रममध्ये बसवा. काहीही केलंत तरी संख्या बदलते, म्हणून कागद शेवटी.

जुन्या ड्रमांबद्दल थोडं थांबून सांगतो. आपल्याकडे कचरा भरायला नवे ड्रम कुणी विकत आणत नाही, कच्च्या मालाचे रिकामे झालेलेच वापरले जातात. त्याला हरकत नाही, आत काय होतं आणि आता काय भरणार याचं एकमेकांशी जमत असलं म्हणजे झालं. पण मूळ कंपनीचं लेबल तसंच राहतं. एका बाजूला आम्लाचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला आपलं पिवळं लेबल ‘ईटीपी स्लज’ म्हणणारं. उतरवणाऱ्यानं कोणत्या बाजूवर विश्वास ठेवायचा? जुनं लेबल खरवडून काढा. निघत नसेल तर त्यावर काळा रंग मारा. नुसती फुली मारलेली पावसाळ्यात पुसली जाते आणि खालचं लेबल पुन्हा बोलू लागतं.

दुसरी पायरी: एक नग म्हणजे काय ते ठरवा

हे वाटतं तेवढं सोपं नाही. चार ड्रम एका पॅलेटवर पट्टीनं बांधलेत. नग एक की चार? प्रयोगशाळेतल्या मुदत संपलेल्या रसायनांच्या साठ बाटल्या पाच खोक्यांत आहेत. नग पाच की साठ?

माझा ठोकताळा असा: ज्याचं तोंड स्वतंत्र उघडतं आणि ज्यावर स्वतःचं फॉर्म ८ चं लेबल आहे, तो एक नग. म्हणून पॅलेटवरचे ड्रम चार. लिहायचं ‘१६ ड्रम (४ पॅलेटवर)’. फोर्कलिफ्टवाल्याला पॅलेटची संख्या हवी असते, मोजणाऱ्याला ड्रमांची, दोघांचंही भागतं. खोकी पाच, कारण लेबल खोक्यावर आहे. आतल्या साठ बाटल्यांची यादी वेगळ्या कागदावर करून जोडा आणि तेराव्या रकान्यात ‘बाटल्यांची यादी सोबत’ असं लिहा. खोकी भरताना आम्ल आणि अल्कली एका खोक्यात घालू नका. ऑक्सिडायझर आणि द्रावक तर शेजारच्या खोक्यांतही नकोत.

टँकरनं जाणारा माल असेल तर कंटेनर म्हणजे टँकरच. तिथे रकाना कोरा ठेवू नका आणि रेघही मारू नका. ‘टँकर – १, सुटा माल’ असं लिहा. कोऱ्या जागेत नंतर कुणीही काहीही लिहू शकतं.

तिसरी पायरी: संख्येशेजारी प्रकार

आपल्या फॉर्म १० ची खरी उणीव इथे आहे. अकराव्या रकान्यात कंटेनरची फक्त संख्या मागितली आहे. ठिपके, पुढे ‘नग’, संपलं. अमेरिकेतल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ८७००-२२ क्रमांकाच्या फॉर्ममध्ये, त्या जागेचे दोन भाग आहेत: संख्या आणि प्रकार. प्रकारासाठी दोन अक्षरी खुणा ठरलेल्या आहेत. लोखंडी ड्रमला डीएम, प्लास्टिकच्या किंवा फायबरबोर्डच्या ड्रमला डीएफ, टँकरला टीटी, पिशव्यांना बीए. तिथल्या वाहतुकीच्या नियमांतही मालाच्या कागदावर पॅकेजची संख्या आणि प्रकार दोन्ही हवेत, नुसता आकडा चालत नाही. आपल्याकडे प्रकार लिहायला सांगितलेलं नाही, पण लिहू नका असंही कुठे म्हटलेलं नाही. ठिपक्यांच्या जागेत मावेल तेवढं लिहा, उरलेलं तेराव्यात न्या.

शब्द असे वापरा की उतरवणाऱ्याला लगेच चित्र दिसेल. साधारण हे पुरतात:

– लोखंडी बॅरल, बंद तोंडाचं (वर फक्त दोन बुचं): तेल, द्रावक यांना.
– लोखंडी ड्रम, उघड्या तोंडाचा, झाकण व रिंगसह: घट्ट गाळ, डांबरासारखे अवशेष.
– एचडीपीई ड्रम, बंद किंवा उघड्या तोंडाचा, लिटरसह.
– कार्बॉय (प्लास्टिकचा मोठा कॅन), ३५ किंवा ५० लिटर.
– एचडीपीई विणलेली पिशवी, आत लायनर (प्लास्टिकचं अस्तर).
– जंबो बॅग, लायनरसह.
– आयबीसी टँक (पिंजऱ्यात बसवलेली मोठी टाकी), १,००० लिटर.

लायनर आहे की नाही हे लिहायला आळस करू नका. फिल्टर प्रेसमधून निघालेला केक, म्हणजे दाबून पाणी काढलेला स्लज, हाताला कोरडा लागतो, पण गाडीत हादरे बसले की पाणी सोडतो. लायनर नसेल तर ते पाणी रस्त्यावर येतं, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला मोबाइलवर व्हिडिओ काढतो.

ड्रमच्या अंगावर किंवा तळाशी यूएनची (संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीची) खूण असेल तर तीही वाचायला शिका. १ए१ म्हणजे स्टीलचा ड्रम, वरचं झाकण न निघणारा. १ए२ म्हणजे स्टीलचाच, झाकण निघणारा. १एच१ आणि १एच२ हेच प्लास्टिकमध्ये. पहिला आकडा ड्रम असल्याचं सांगतो, अक्षर कशाचा बनलाय ते सांगतं आणि शेवटचा आकडा झाकणाबद्दल बोलतो. मॅनिफेस्टवर ही खूण लिहायची सक्ती नाही. पण द्रव कचरा १ए२ मध्ये भरलेला दिसला तर रिंग पुन्हा तपासा.

चौथी पायरी: आकडा आणि वजन एकमेकांना ओळखतात का?

अकराव्या रकान्यात प्रमाण मेट्रिक टनात किंवा घनमीटरमध्ये लिहायचं असतं. कोणतं एकक? मंडळानं तुम्हाला दिलेल्या संमतिपत्रात, म्हणजे कन्सेंटमध्ये, त्या कचऱ्यासमोर जे छापलंय ते. तिथे टन असताना तुम्ही वर्षभर घनमीटर लिहिलंत, तर जूनमध्ये फॉर्म ४ भरताना दोन्हींची सांगड घालत बसाल. किलोलिटर छापलं असेल तर काळजी नको, एक किलोलिटर म्हणजेच एक घनमीटर.

आता एक गाडी प्रत्यक्ष भरून बघू. ईटीपीचा स्लज, याच नियमांच्या अनुसूची १ मधला ३५.३ क्रमांक, १२० पिशव्या. काट्यावर भरलेली गाडी १२,९४० किलो, रिकामी ७,०८० किलो. निव्वळ ५,८६० किलो, म्हणजे ५.८६ टन. इथेच थांबायचं नाही. ५,८६० ला १२० नं भागा. पिशवी साधारण ४९ किलोची आली. तुमच्या यार्डातली पिशवी दोन माणसं उचलतात, पन्नासच्या आसपास असते, म्हणजे हिशोब जुळला. हाच भागाकार ७० आला असता तर पिशव्या मोजायला चुकल्या, स्लज नेहमीपेक्षा ओला आहे, किंवा काट्यावर गाडी नीट उभी नव्हती. तिन्ही गोष्टी गाडी निघायच्या आधी कळलेल्या बऱ्या.

हा एक भागाकार मी प्रत्येक गाडीला करतो. अर्धं मिनिट लागतं. आजवर त्यानं पकडून दिलेल्या चुकांपैकी बहुतेक माझ्याच होत्या.

ड्रमच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. काटा जे वजन सांगतो त्यात ड्रमही आला. लोखंडी २१० लिटरचा ड्रम साधारण १७ ते २० किलोचा, म्हणजे तीस ड्रमांत अर्ध्या टनाहून जास्त लोखंडच. वजन ड्रमासह आहे की ड्रम वगळून, हे तेराव्या रकान्यात स्पष्ट लिहा आणि फॉर्म ३ मध्येही तीच पद्धत ठेवा. एका महिन्यात ड्रमासह आणि दुसऱ्यात ड्रमाविना असं झालं की वर्षाअखेरी आकड्यांचा मेळ लागत नाही.

द्रवाचं उदाहरण: वापरलेलं तेल, क्रमांक ५.१. आठ बॅरलं आहेत म्हणून ‘८ × २०० = १,६०० लिटर’ असं ठोकून देऊ नका. सात भरलेली, आठव्यात ९० लिटर, तर १,४९० लिटर म्हणजे १.४९ घनमीटर. लिहायचं असं: ‘१.४९ घनमीटर, लोखंडी बॅरल, बंद तोंडाचं, ८ नग (७ भरलेली, १ अर्धवट)’. अर्धवट हा शब्द महत्त्वाचा आहे. पलीकडे ते बॅरल हलकं लागलं की ‘वाटेत तेल काढलं’ हा पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. वापरलेल्या तेलाला बाजारभाव आहे, म्हणून हा संशय काल्पनिक नाही. आणि हो, हा माल टीएसडीएफला जात नाही, परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडे जातो. त्यामुळे मिळवणाऱ्याच्या रकान्यात नेहमीचं नाव उतरवू नका.

पाचवी पायरी: स्वरूप आणि पॅकिंग यांचं पटतं का?

बाराव्या रकान्यात पर्याय छापलेले आहेत: घन, अर्धघन, गाळ, तेलकट, डांबरी, स्लरी, द्रव. तुम्ही त्यातला एक निवडता. मग अकराव्यात लिहिलेल्या प्रकाराकडे पुन्हा बघा. ‘द्रव’ आणि ‘पिशवी’ एकाच कागदावर दिसले तर काहीतरी चुकलंय. ‘स्लरी’ आणि ‘पिशवी’ हेही बहुतेक वेळा चुकलेलंच. टीएसडीएफवाले गेटवर नमुना घेऊन झटपट तपासणी करतात आणि ती आधी दिलेल्या सविस्तर विश्लेषणाशी जुळते का ते बघतात. कागदावर ‘घन’ आणि पिशवी टोचल्यावर पाणी, असं झालं तर माल परत येऊ शकतो. परत आलेली गाडी आणि तिचं दुहेरी भाडं कुणाच्या खात्यात पडतं, हे तुमच्या लेखाविभागाला विचारा.

दहाव्या रकान्यात कचऱ्याचं नाव अनुसूचीतल्या नावासारखं आणि क्रमांकासह लिहा. ‘केमिकल वेस्ट’ हे वर्णन नव्हे. कारखान्यातलं टोपणनाव तर मुळीच नको. आमच्याकडे एका अवशेषाला सगळे ‘काळं’ म्हणायचे. एका नवीन मुलानं ते तसंच इंग्रजीत लिहिलं होतं. त्याला हसलो सगळे, पण तो आमचंच ऐकून शिकला होता.

फॉर्ममध्ये एकाच कचऱ्याच्या वर्णनाची जागा आहे. गाडीत ३५.३ चा स्लज आणि ३३.२ ची तेलकट फडकी दोन्ही असतील तर दोन मॅनिफेस्ट करा आणि नगांना लावलेले क्रमांकही वेगळे ठेवा.

रिकाम्या बॅरलांचं त्रांगडं

नवा माणूस हमखास अडखळतो तो ३३.१ ला: रसायनांनी किंवा घातक कचऱ्यानं माखलेली रिकामी बॅरलं, कंटेनर, लायनर. इथे कचरा हाच कंटेनर. मग अकराव्यात काय लिहायचं? कुणी प्रमाण कोरं ठेवतं, कुणी कंटेनर शून्य लिहितं, कुणी ‘एनए’.

भर म्हणजे अनेक कंपन्यांच्या संमतिपत्रात या ओळीपुढे ‘नग प्रतिवर्ष’ असं एकक असतं, टन नव्हे. फॉर्म १० ला मात्र टन किंवा घनमीटर हवेत. मी दोन्ही लिहितो. साठ बॅरलं, काट्यावर १,०५० किलो: ‘१.०५ टन, रिकामी लोखंडी बॅरलं, २१० लिटर, सुटी, ६० नग’. ‘सुटी’ म्हणजे दुसऱ्या कशात भरलेली नाहीत. भागाकार इथेही करा: एका बॅरलचं साडेसतरा किलो येतं, ठीक आहे. पंचवीस आलं असतं तर बॅरलं रिकामी नाहीत, तळाशी माल आहे. मग तो ३३.१ राहत नाही, त्या मालाचा कचरा होतो. एचडीपीईची बॅरलं त्याच गाडीत असतील तर वेगळी मोजून लिहा: ‘लोखंडी ४२, एचडीपीई १८’. त्यांचं एकेकाचं वजन लोखंडी बॅरलाच्या जवळपास निम्मंच असतं आणि किंमतही वेगळी असते. बुचं लावलेली आहेत का, ते बघा. बूच नसलेलं आडवं बॅरल वाटेत उरलासुरला माल ओततं.

आणखी एक, जे मला फार उशिरा उमगलं. यार्डातल्या रिकाम्या ड्रमांत तुम्ही स्लज भरून पाठवलात, म्हणजे ते ड्रम ३३.१ च्या साठ्यातून बाहेर गेले. फॉर्म ३ मध्ये ३३.१ खाली ‘अमुक मॅनिफेस्टबरोबर पॅकिंग म्हणून २८ नग’ अशी नोंद केली नाही, तर वर्षाअखेरीस कागदावर २८ ड्रम यार्डात पडून राहतात. प्रत्यक्षात नसतात. तपासणीत विचारलं तर भंगारवाल्याला विकले असाच अर्थ निघतो, आणि माखलेली बॅरलं परवाना नसलेल्या भंगारवाल्याला विकणं हा सरळ नियमभंग आहे.

सहावी पायरी: तेरावा रकाना रिकामा सोडू नका

‘हाताळणीच्या खास सूचना’ या जागी नव्वद टक्के लोक ‘ट्रेम कार्डप्रमाणे’ लिहितात. हा आकडा माझ्या अंदाजाचा, पण एखाद्या गेटवर तासभर बसलात तर तुम्हीही तेच म्हणाल. अकराव्यात न मावलेलं इथे लिहा. माझी नेहमीची नोंद साधारण अशी असते: ‘२८ लोखंडी ड्रम (उघड्या तोंडाचे, रिंगसह) क्र. १ ते २८. १२ एचडीपीई पिशव्या (लायनरसह) क्र. २९ ते ४०. पिशव्या ड्रमांवर रचलेल्या, आधी उतरवाव्यात. वजन ड्रमासह. हुक लावू नये.’

हुकाचं वाक्य फाटलेल्या पिशव्यांनी शिकवलं.

हे सगळं कुणासाठी? गेटवरच्या माणसासाठी तर आहेच. पण समजा, तळोज्याला निघालेली गाडी बोरघाटात कलंडली. अग्निशमन दल पोहोचतं, ड्रायव्हर जखमी आहे, केबिनमधून कागद निघतात. तिथल्या माणसाला आधी कळायला हवं की काय आहे आणि किती आहे. रस्त्यावर अठ्ठावीस ड्रम सापडले आणि कागद चाळीस म्हणतो, तर उरलेले बारा शोधायला माणसं दरीत उतरवली जातील. बारा पिशव्या होत्या आणि त्या रस्त्याकडेलाच फुटून पडल्यात, हे कागदानं सांगायला हवं होतं.

सातवी पायरी: लेबल, कार्ड आणि पाटी

लेबलावर मागितलेली माहिती मॅनिफेस्टशी शब्दाला शब्द जुळली पाहिजे: कचऱ्याचा क्रमांक आणि गुणधर्म, कशाबरोबर ठेवू नये, प्रमाण, साठवल्याची तारीख, भौतिक स्वरूप, पाठवणारा, मिळवणारा, आणीबाणीचा फोन. लेबलाची पार्श्वभूमी चकचकीत पिवळी हवी. ‘घातक कचरा’ आणि ‘काळजीपूर्वक हाताळा’ हे शब्द लाल रंगात, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. आपल्याकडे स्थानिक म्हणजे मराठी, हे सांगायला लागू नये, पण हैदराबादहून छापून आलेल्या तेलुगू लेबलांचा गठ्ठा मी पाहिलाय. लेबल न धुपणारं, पावसात टिकणारं हवं. साध्या कागदावरची झेरॉक्स सेलोटेपनं चिकटवलेली चालत नाही, जुलैत तर नाहीच.

साठवल्याच्या तारखेकडे अधिकारी आधी बघतात. साठवणुकीची सर्वसाधारण मर्यादा ९० दिवसांची आहे. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा करणाऱ्या लहान उद्योगांना आणि आणखी काही प्रसंगी मंडळ ती वाढवून देऊ शकतं. ड्रमवर भरल्याची तारीख लिहा, लेबल छापल्याची नव्हे.

ट्रेम कार्ड पाठवणाऱ्यानं, म्हणजे तुम्ही, द्यायचं असतं. ट्रान्सपोर्टरकडे जुनं लॅमिनेट केलेलं असतं, त्यावर समाधान मानू नका. ते दुसऱ्याच्या कचऱ्याचं असू शकतं. गाडीवरच्या माहितीच्या पाटीचं आणि वर्गचिन्हाचं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या १२९ ते १३७ या नियमांत आहे. पाटीवरचं नाव आणि यूएन क्रमांक (मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) तुमच्या मालाचाच आहे ना, हे गाडीभोवती एक फेरी मारून बघा. काल टँकरनं द्रावक नेलं असेल तर कालचीच पाटी आज लागलेली असते.

सही, सात प्रती आणि खाडाखोड

प्रती सात. पांढरी पाठवणाऱ्यानं मंडळाला पाठवायची, पिवळी ट्रान्सपोर्टरची सही घेऊन स्वतःकडे ठेवायची. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. त्यातली गुलाबी मिळवणारा ठेवतो, नारिंगी ट्रान्सपोर्टरला परत देतो, हिरवी मंडळाला पाठवतो, निळी तुमच्याकडे येते. राखाडी फक्त माल दुसऱ्या राज्यातून आला असेल तर पाठवणाऱ्याच्या राज्यातल्या मंडळाला जाते. ऑनलाइन भरत असाल तरी आकडे तेच आणि चुकाही त्याच.

सही करायच्या आधी चढवलेली गाडी पुन्हा मोजा, शेवटचा क्रमांक डोळ्यांनी बघा आणि ड्रायव्हरला मोजून घ्यायला सांगा. तो ‘राहू द्या हो साहेब’ म्हणेल. राहू देऊ नका, गेटवर प्रश्न त्यालाच विचारले जातात. शेवटच्या क्षणी एक ड्रम चढला नाही, तर आकड्यावर आकडा गिरवू नका. ३ चा ८ करणं हातानं सोपं असतं आणि कागदावर फार वाईट दिसतं. प्रत रद्द करून नवी भरा. वेळच नसेल तर सातही प्रतींवर जुना आकडा एका रेघेनं खोडा, शेजारी नवा लिहा, दोघांच्या सह्या घ्या.

निळी प्रत आली की पिवळीशेजारी ठेवा, पलीकडची काटापावती जोडा आणि दोन्ही वजनं बघा. स्लजच्या गाडीत थोडा फरक पडतोच, पाणी उडतं, काटे वेगळे असतात. नगांत मात्र एकाचाही फरक पडता कामा नये. पडला तर त्याच दिवशी फोन करा आणि नगाचा क्रमांक सांगून विचारा. प्रत आलीच नाही तर पुढची गाडी सोडण्याआधी ती मागवून घ्या, कारण दोन गाड्यांचे कागद एकत्र आले की कोणते ड्रम कोणत्या गाडीतले, हे मग कुणालाच आठवत नाही.